आदिवासी ज्ञानकक्ष: कपाटांची ऑर्डर सगळ्यात शेवटी

फेब्रुवारी उजाडला की विद्यापीठांच्या ग्रंथालयांत लगबग सुरू होते. निधी पडून असतो, ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवा असतो, आणि कुणाला तरी सुचतं की ‘आदिवासी ज्ञानकक्ष’ करू या. काचेची कपाटं येतात, भिंतीवर वारली चित्रांचा फ्लेक्स लागतो, ९ ऑगस्टला, आदिवासी दिनी, फीत कापतात, आणि दिवाळीपर्यंत त्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे हे विचारत फिरावं लागतं.

मी एका राज्य विद्यापीठात सहायक ग्रंथपाल आहे. माहेर नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातलं, आम्ही कोकणा आदिवासी. आमच्याकडे असा कक्ष चालतो म्हणून इतर ठिकाणच्या ग्रंथपालांचे फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला: ‘मॅडम, सुरुवातीला किती पुस्तकं लागतील?’ त्या सगळ्या फोनांचं उत्तर इथे एकदाच लिहून टाकते. ज्यांचं ज्ञान आहे त्यांना ‘हे ठेवू नका’ म्हणता येईल अशी सोय आधी करा. ती झाली की उरतं ते कारकुनी काम, आणि ते आपल्याला येतं.

आधी समिती, आणि तिच्या हातात नकार

ग्रंथालय समितीत पहिला ठराव उपसमितीचा घ्या आणि त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. उपसमितीत निम्म्याहून जास्त माणसं त्या त्या समाजातली असतील, आणि त्यातली बहुतेक विद्यापीठाबाहेरची. दुसरं, एखादी वस्तू, ध्वनिमुद्रण किंवा मजकूर कक्षात नको असं त्यांनी ठरवलं, तर ते ग्रंथपालानेच काय, कुलगुरूंनीही मानायचं. दुसऱ्या कलमावर कुरकुर होणार. ‘समितीला सल्लागार म्हणू या’ अशी दुरुस्ती कुणीतरी सुचवणारच. ती मान्य करू नका. सल्लागार समितीत चहा होतो, फोटो होतो, निर्णय वरच्या मजल्यावर होतो.

माणसं कोण घ्यायची? प्राध्यापक कमी. लग्नात विधी सांगणारी, गाणी म्हणणारी धवलेरी, थाळीवर कथा लावणारा, तारपा वाजवणारा, दोन्हीकडची भाषा येणारा आश्रमशाळेतला मास्तर, ग्रामसभेत उठून बोलणारी एखादी बाई, वसतिगृहातली एक मुलगी आणि एक मुलगा. ‘आदिवासींचा प्रतिनिधी’ म्हणून एकच जण बसवू नका. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांवर आहे. मेळघाटातल्या कोरकूंच्या वतीने डहाणूचा वारली काय सांगणार? तुमच्या विद्यापीठाच्या हद्दीत जे समाज राहतात तेवढेच घ्या, पण ते नीट घ्या.

बैठकीची तारीख त्यांना विचारून ठरवा. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत कुणी येणार नाही आणि येऊही नये. उन्हाळ्यात धवलेरी लग्नांत अडकलेली असते. कापणी-झोडणी उरकल्यावरचे दिवस बरे, आणि जागा विद्यापीठापेक्षा बाजाराच्या गावची बरी, म्हणजे एका खेपेत दोन कामं होतात. प्रवासखर्च आणि मानधन त्याच दिवशी हातात द्या. आपली नेहमीची रीत म्हणजे पासबुकाची झेरॉक्स, पॅनकार्ड, रद्द केलेला धनादेश आणि मग चार महिन्यांची वाट. त्याऐवजी आधीच तसलमात (आगाऊ रक्कम) उचला आणि व्हाउचरवर सही किंवा अंगठा घ्या. लेखा विभाग ‘नियमात बसत नाही’ म्हणेल. बसतं. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांना त्याच दिवशी रोख दिल्याची जुनी व्हाउचरं कपाटातून काढून दाखवा.

निर्णय कसा घ्यायचा यासाठी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाकडे बघा. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या या गावात ठराव सर्वसहमतीने होतात, आणि गावाचा अभ्यासगट आधी विषयावर बसून बोलतो. बाहेरचा जाणकार आला तर तोही त्याच गटात बसून बोलतो. हात वर करून मोजणी करण्यापेक्षा असं बसणं वेळखाऊ आहे खरं, पण सहमतीने झालेला ठराव पुढच्या बैठकीत उलटत नाही.

जे आपल्याकडेच धूळ खात पडलंय

एकही पुस्तक विकत घेण्याआधी आपल्याच मांडण्या धुंडाळा. मुंबई इलाख्याचे जुने गॅझेटियर असतील, ठाणे जिल्ह्याचा १८८२ चा खंड असेल. एन्थोव्हेनचे आणि रसेल-हिरालालचे जाती-जमातींवरचे खंड संदर्भ विभागात कुलुपात असतील. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणातला मराठीचा ७ वा खंड (१९०५) आणि भिल्ल बोलींचा ९ व्या खंडाचा ३ रा भाग (१९०७) मिळाले तर सोनंच. ग्रियर्सनने नमुना म्हणून बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट बोलीबोलीतून लिहून घेतली होती. आमच्याकडे एम.ए.ची मुलं ही गोष्ट मोठ्याने वाचतात आणि ‘आमची आजी असंच बोलते’ किंवा ‘हे काहीतरीच लिहिलंय’ यावरून तासभर भांडतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला संदर्भग्रंथ हाताळायला लावण्याचा याहून बरा मार्ग मला ठाऊक नाही.

या जुन्या ग्रंथांत अपमानास्पद भाषा भरपूर आहे. पारध्यांसारख्या समाजांवर १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला होता, तो ३१ ऑगस्ट १९५२ ला निघाला, पण ग्रंथांच्या पानांवर तसाच आहे. पानं फाडायची नाहीत, पुस्तकं लपवायचीही नाहीत. पुठ्ठ्याच्या आत एक चिठ्ठी लावा: हे कोणी, केव्हा, कोणाच्या नोकरीत असताना लिहिलं, आणि त्या समाजातली आजची माणसं याबद्दल काय म्हणतात. चिठ्ठीचा मजकूर उपसमितीने लिहायचा, खाली त्यांची नावं.

मग प्रबंध काढा. मराठी, समाजशास्त्र, वनस्पतिशास्त्र या विभागांच्या जुन्या पीएच.डी. आणि एम.फिल. प्रबंधांची परिशिष्टं म्हणजे खजिना आहे. शंभर-शंभर लग्नगीतं, कथा, म्हणी, कोडी. मार्गदर्शकाचं नाव मुखपृष्ठावर, आणि गाणाऱ्या बाईचं नाव बहुतेक वेळा कुठेच नाही. ‘माहिती देणारी वृद्ध स्त्री’ एवढंच. गावाचं नाव असेल तर त्या परिशिष्टाच्या प्रती घेऊन गावात जा. कुणाची आत्या, कुणाची सासू, हे लोक लगेच सांगतात. ती नावं नोंदीत भरा. या एका कामातून गावात जो विश्वास मिळतो तो दहा चर्चासत्रांतून मिळत नाही.

पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं (स्थापना १९६२) ग्रंथालय आणि संग्रहालय एकदा बघून या. पण तिथल्या ग्रंथयादीची नक्कल करायला जाऊ नका. तिथे नाही तेच तुम्हाला जमवायचंय: साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, बोलीत छापलेल्या लग्नपत्रिका, गावदेवाच्या यात्रेची हँडबिलं, आश्रमशाळांची हस्तलिखितं, वनहक्काच्या मोर्च्यांची पत्रकं, स्टँडवर विकल्या गेलेल्या गाण्यांच्या कॅसेट आणि सीडी. यातल्या कशालाच आयएसबीएन नसतो, आणि तीन दरपत्रकं मागवणारी आपली खरेदी पद्धत तिथे आडवी येते. लेखक स्वतःच प्रकाशक, स्वतःच विक्रेता. त्याचा स्पर्धक कुठून आणणार? ‘स्वप्रकाशित साहित्याची लेखकाकडून थेट खरेदी’ असा वेगळा ठराव वर्षाच्या सुरुवातीलाच करून ठेवा आणि मेळाव्यांना जाताना पावतीपुस्तक बरोबर न्या.

आकडे ठेवा, पण मांडणी त्यांची

पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीने लावलं तर काय होतं बघा. कणसरी या धान्यदेवीची कथा ३९८ ला, भात पेरण्याची रीत ६३० ला, लग्नातल्या चौकाचं चित्र ७५० च्या आसपास, तारप्याचं संगीत ७८१ ला, औषधी मुळ्या ६१५ ला. बोलींचं तर विचारूच नका: भिली ४९१ मध्ये, गोंडी ४९४ मध्ये, कोरकू ४९५ मध्ये. एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या गावी नांदायला पाठवावीत तसं. ज्या बाईच्या तोंडून हे सगळं येतं तिच्यासाठी मात्र कणसरीचं गाणं आणि भाताचं बी एकाच कणगीत आहे.

कॅनडात यावर उपाय निघाला आहे. कानावाकेचे मोहॉक ग्रंथपाल ब्रायन डिअर यांनी १९७० च्या दशकात मूलनिवासी संग्रहांसाठी स्वतंत्र वर्गीकरण केलं. त्याच्या बदललेल्या आवृत्तीवर ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं ह्वेह्वा ग्रंथालय चालतं. त्यात समाज एकमेकांजवळ कसे राहतात, कोणाचं कोणाशी नातं, यावरून मांडणी ठरते. ते जसंच्या तसं उचलू नका, ते त्यांच्या भूगोलावर बेतलेलं आहे. उचलायची आहे ती हिंमत.

आम्ही मध्यम मार्ग काढला. संगणकातल्या नोंदीत ड्यूईचा आकडा तसाच ठेवला, म्हणजे इतर ग्रंथालयांशी देवाणघेवाण अडत नाही. पुस्तकाच्या पाठीवर मात्र कक्षाची खूण आणि मांडणीचं नाव. नावं उपसमितीने दिली: कणसरी (शेती, धान्य, बी-बियाणं, त्यांच्या कथा), रान, गावदेव, लगीन, बाजार आणि मजुरी, कागद-कज्जे (पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, वनहक्क, जमिनीची प्रकरणं), बोली. ‘बाजार आणि मजुरी’ मला सुचलं नसतं. एका आजीबाईंनी विचारलं, ‘आमी काय निसतं नाचतो का? वीटभट्टीवर गेलो त्याचं पुस्तक कुठं?’ स्थलांतर, वेठबिगारी, ऊसतोड यांवरचे अहवाल आता त्या फळीवर आहेत आणि ती फळी सगळ्यात जास्त हलते.

विषयशीर्षकं देताना समाज स्वतःला जे म्हणवतो ते नाव मुख्य, बाकीची उल्लेखाला: कोकणा, कोकणी, कुकणा; कातकरी, काथोडी; माडिया, माडिया गोंड. सगळी रूपं भरा, नाहीतर शोध अपुरा राहतो. ग्रंथालयाची संगणकप्रणाली सोल असो वा कोहा, नोंदींच्या मार्क २१ या साच्यात स्थानिक शीर्षकांसाठी ६९० हे क्षेत्र मोकळं आहे. भाषेच्या ०४१ क्षेत्रात नुसतं ‘मराठी’ टाकून मोकळे होऊ नका. भाषांना संकेत देणाऱ्या आयएसओ ६३९-३ या मानकात वारली, भिली, कोरकू, कातकरी यांना स्वतंत्र संकेत आहेत, ते वापरा. गोंडी संग्रह असेल तर गुंजाळा गोंडी आणि मसराम गोंडी या दोन्ही लिप्या युनिकोडमध्ये आलेल्या आहेत (मसराम २०१७ ला, गुंजाळा २०१८ ला) आणि त्यांचे नोटो फाँट फुकट मिळतात. कक्षातल्या प्रत्येक संगणकावर ते आधी बसवा, म्हणजे शीर्षकाच्या जागी चौकोनांची रांग दिसणार नाही.

ध्वनिमुद्रण आणि परवानगी

इथे घाई कराल तर पुढचं सगळं फसेल. एक उदाहरण जवळून सांगते. आमच्याकडची थाळकथा. काशाची थाळी असते, तिच्या मधोमध मधमाशीच्या मेणाने एक काडी उभी चिकटवतात. कथा लावणारा दोन्ही हातांची बोटं त्या काडीवरून वरून खाली ओढतो, आणि थाळीतून एकसारखा घुमणारा सूर निघत राहतो. त्यावर तो कणसरीची, डोंगऱ्यादेवाची कथा लावतो, कधी रात्रभर. माइक थाळीजवळ ठेवला तर नुसता घुमारा येतो, शब्द बुडतात. तोंडासमोर ठेवला तर थाळी हरवते. बाजूने, छातीच्या उंचीवर, हातभर अंतरावर ठेवा, आणि कडव्याला झील धरणाऱ्या साथीदारासाठी दुसरा. पंखा बंद. कोंबडं आरवलं तर आरवू दे, ते काढायच्या मागे लागू नका. मुद्रण डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर. एमपी३ फक्त ऐकवण्यासाठी. मोबाइलवर केलं तरी चालेल, पण बाहेरचा माइक लावा. तीन प्रती: एक विद्यापीठाच्या सर्व्हरवर, एक दुसऱ्या इमारतीतल्या हार्ड डिस्कवर, एक मेमरी कार्डवर गावात. गावची प्रत त्याच आठवड्यात पोचली पाहिजे.

हे झालं यंत्राचं. ही कथा कुणी, केव्हा ऐकायची हा खरा प्रश्न. डोंगऱ्यादेवाचा उत्सव मार्गशीर्षातला. त्याची काही गाणी आडमहिन्यात वाजवायची नाहीत असं ज्याने गायलं त्याने सांगितलं, तर तुमच्या वाचकाला जुलैत प्रबंध सादर करायचा आहे ही सबब चालत नाही. काही गोष्टी बायकांनी बायकांतच बोलायच्या असतात. काही फक्त भगताच्या, म्हणजे गावच्या देवर्षी-वैदूच्या, चेल्याला. म्हणून आम्ही चार पायऱ्या केल्या: सगळ्यांना खुलं, कक्षात बसूनच, विचारून, बंद. ‘विचारून’ म्हणजे ग्रंथपालाला विचारून नव्हे. नोंदीत ज्या घराचं, ज्या गावचं नाव आहे त्यांना फोन करून. लोकल कॉन्टेक्स्ट्स या उपक्रमाने जगभरच्या मूलनिवासी समाजांसाठी पारंपरिक ज्ञानाच्या खुणा तयार केल्या आहेत, त्यात हंगामाची खूणसुद्धा आहे. त्या समितीला दाखवा, पटतील त्या घ्या.

नोंदीत प्रवेशाचे निर्बंध मार्कच्या ५०६ क्षेत्रात आणि वापराच्या अटी ५४० मध्ये लिहितात. पण ५०६ मध्ये ‘बंद’ लिहिलं म्हणून फाइल आपोआप बंद होत नाही! फाइली जिथे साठवतात त्या डीस्पेस प्रणालीत त्या संग्रहाचे अधिकार वेगळे ठरवावे लागतात. पूर्ण बंद असलेलं तर नेटवर्कवर ठेवूच नका.

परवानगी दोन पातळ्यांवर घ्या. गाणाऱ्या माणसाची, आणि गाणं गावाचं असेल तर ग्रामसभेची. पेसा क्षेत्रात ग्रामसभेला रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार १९९६ च्या कायद्यानेच आहे, तेव्हा हा शिष्टाचाराचा भाग समजू नका. छापील अर्ज ठेवा, पण खरी संमती बोलीत, तोंडी, मुद्रण चालू असताना. काय मुद्रित करतोय, कुठे ठेवणार, कोण ऐकणार, पैसे किती, नको वाटलं तर कुणाला सांगायचं, एवढं बोलून घ्या. अर्जाखाली ‘सर्व हक्क विद्यापीठाकडे’ ही ओळ कायदा विभाग घुसवेल. ती खोडा. विद्यापीठाकडे सांभाळायची जबाबदारी येते, मालकी नाही.

औषधांच्या बाबतीत आणखी जपून. ‘छापून टाकलं की चोरी टळते’ असं वनस्पतिशास्त्राचे लोक सांगतात आणि हळदीचा दाखला देतात. दाखला खरा आहे. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं, आणि रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने जुने लिखित पुरावे देऊन ते १९९७ मध्ये रद्द करवून घेतलं. त्यातूनच २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं. पण ते उभं आहे आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा ग्रंथबद्ध परंपरांवर. भगताच्या तोंडातलं ज्ञान कुठल्या संहितेत नाही. दुसरा दाखला केरळच्या काणी आदिवासींचा. १९८७ मध्ये अगस्त्यमलाईच्या रानात शास्त्रज्ञांबरोबर वाटाडे म्हणून गेलेले काणी एक फळ खाऊन न थकता चालत होते. त्या वनस्पतीपासून ‘जीवनी’ हे औषध झालं, आणि परवान्याच्या रकमेतला निम्मा वाटा काणींसाठी ठेवला गेला. म्हणजे छापण्याने पेटंट अडतं हे खरं, आणि छापलेलं कुणीही फुकट उचलू शकतं हेही खरं. कोणता धोका पत्करायचा हे ज्याचं औषध त्याने ठरवावं. आमचा नियम साधा आहे: झाड, आजार आणि द्यायची रीत या तिन्ही गोष्टी एकत्र कुठल्याही खुल्या नोंदीत येत नाहीत. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने २००२ च्या कायद्याखाली लोक जैवविविधता नोंदवही केली असेल तर तिची प्रत मागण्याआधीही त्या समितीला विचारा.

याच्या उलट, रानभाज्यांवर कसलंही बंधन घालायला कुणी तयार नव्हतं. शेवळ्याच्या भाजीत काकडं (रानातली आंबट फळं) घातली नाहीत तर घसा खवखवतो हे सगळ्या जगाला कळलं तरी चालेल, असं बायकांचं मत पडलं. पाककृतींचं कपाट म्हणून पूर्ण खुलं.

लिप्यंतर बोली येणाऱ्या विद्यार्थ्यांकडूनच करवा. ‘कमवा आणि शिका’ योजनेत मुलं झाडांना पाणी घालतात, टपाल फिरवतात. त्याच तासांत त्यांना हे काम द्या आणि सूचना एकच: प्रमाण मराठीत दुरुस्त करायचं नाही. ऐकू येतं तसं लिहा. अर्थ समासात.

खोली

तळमजल्यावर, बाहेर उघडणारं दार असलेली, शक्य तर पडवी असलेली. जिना चढून, दोन वाचनालयं ओलांडून यावं लागलं तर गावची माणसं येणार नाहीत. खरं तर ती त्याच्याही आधी अडतात, गेटवर. सुरक्षारक्षक ओळखपत्र मागतो, रजिस्टरात ‘कामाचं स्वरूप’ लिहायला सांगतो. उपसमितीच्या लोकांना छायाचित्र असलेली पाहुणा-कार्डं द्या आणि रक्षकांच्या प्रत्येक नव्या तुकडीला कक्ष आतून दाखवा. कंत्राटदार बदलला की हे पुन्हा करावं लागतं.

आत बोलायला मोकळीक हवी. ‘शांतता राखा’ची पाटी इथे लागणार नाही, म्हणून दार आणि भिंती आवाज अडवणाऱ्या घ्या, नाहीतर शेजारचा संदर्भ विभाग तक्रार करेल. अर्ध्या जागेत चटया आणि बुटके डेस्क, अर्ध्या जागेत टेबल-खुर्च्या, भरपूर प्लग. म्हाताऱ्यांसाठी पाठ टेकायला भिंत मोकळी सोडा. ती कपाटांनी भरायची हौस फर्निचरवाल्याला असते.

भिंतीवर चित्र हवं असेल तर चित्रकाराला बोलवा, बाजारभावाने पैसे द्या, खाली नाव घालू द्या. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय आणि जिव्या सोमा म्हशे यांना २०११ ला पद्मश्री मिळाली, तरी फ्लेक्सवाल्याकडचा तयार नमुना स्वस्त पडतो म्हणून तोच चिकटवणारी कार्यालयं अजून दिसतात. लग्नातला देवचौक, ज्यात पालघाट देवी बसते, तो सुवासिनी लिहितात आणि धवलेरी गाण्यातून देवाला बोलावते. तो शोभेला काढायचा का, हे धवलेरीला विचारा. आमच्याकडे नको म्हणाल्या. भिंतीवर भातलावणी आहे.

बोहाड्याचे (सोंगांच्या उत्सवाचे) मुखवटे, देवाचे टाक (धातूच्या पत्र्यावरच्या प्रतिमा), वीर (पूर्वजांच्या प्रतिमा) यांची खरेदी करू नका. कुणी अडचणीत विकायला आणलं तरी. बियाणंही साठवू नका. नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्यासारख्या बायका ते पेरून जिवंत ठेवतात, आपल्या बरणीत ते मरेल. कोणाकडे कोणतं वाण आहे याची त्यांच्या संमतीने वही ठेवा, बस. कागदावरची मूळ चित्रं असतील तर त्यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड पडू देऊ नका, आणि पावसाळ्यात ती भिंतीला टेकवून ठेवू नका.

आता अभ्यासिकेबद्दल. कक्ष उघडला की महिन्याभरात प्रत्येक खुर्चीवर एमपीएससीची गाइडं दिसू लागतील. काही सहकारी वैतागतात. मी नाही वैतागत. त्यातली निम्मी मुलं पाड्यांवरूनच आलेली असतात, आणि वसतिगृहाच्या खोलीत चौघांत एक दिवा असतो. त्यांना रात्री दहापर्यंत बसू द्या. फक्त आठवड्यातली एक संध्याकाळ कक्षाची स्वतःची ठेवा: त्या दिवशी कुणीतरी गावाहून येतं, मुद्रण ऐकलं जातं, शब्दांवर वाद होतात. गाइडवाली मुलं आधी कानात बोंडं घालून बसतात, मग एखादा आपल्या गावचं नाव ऐकून बोंडं काढतो.

पैसे आणि माणूस

अंदाजपत्रकात मानधन, प्रवास आणि लिप्यंतराला फर्निचरपेक्षा जास्त रक्कम दाखवा. उलटं असेल तर समितीत मंजूर लवकर होतं, पण वर्षभराने खोली ओस पडते. कक्षाला एक पूर्णवेळ माणूस हवा, आणि ग्रंथालयशास्त्राची पदवी व स्थानिक बोली यांपैकी एकच मिळत असेल तर बोलीवाला घ्या. नोंदी करायला सहा महिन्यांत शिकवता येतं.

परत मागितलं तर

मागतातच. गाणारा वारतो आणि घरच्यांना त्याचा आवाज ऐकवत नाही, किंवा नेमका तोच हवा असतो. मुलगी म्हणते, आईने तुम्हाला सांगायला नको होतं. गावात भांडण होऊन एक बाजू म्हणते, ती कथा आमची. पहिल्या दोन प्रसंगांत घरच्यांचं म्हणणं लगेच मानायचं: मुद्रण बंद पायरीवर न्यायचं, मागतील तर मूळ प्रत हातात द्यायची, आपल्याकडच्या प्रती पुसायच्या, आणि नोंदीत ‘कुटुंबाच्या इच्छेने काढले’ एवढंच लिहायचं. तिसऱ्या प्रसंगात फाइल दोन्ही बाजूंना तात्पुरती बंद ठेवायची आणि ग्रामसभेची वाट बघायची. त्यात वर्षही जाऊ शकतं. यासाठी एक पानी अर्ज ठरवून ठेवा, तो कुलसचिवांच्या सहीसाठी अडकणार नाही असं ठरावातच लिहा, आणि कुणी बाजारात भेटून नुसतं तोंडी सांगितलं तरी अर्ज आला असंच धरा. कागद आपण भरायचा.